शिंकेची निर्दोष सुटका

आदरणीय साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा एका हाताचा नमस्कार. (दोन्ही हात जोडता येतात, पण उजवा जोडीला येताना एवढा कुरकुरतो की नमस्कारात भक्तिभाव राहत नाही.) ताईंचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना हल्ली त्यांना अंग आडवं करून जावं लागत असणार. त्याला कारण कोण, हे मला माहीत आहे आणि त्या विषयाकडे मी येणारच आहे. तुमचं नाक कसं आहे? कृपा करून हा टोमणा समजू नये. गेल्या दोन महिन्यांत तुमच्या नाकाबद्दल मी जे जे बोललो, त्यात खरी विचारपूस असलेलं हे पहिलंच वाक्य. आमच्याकडे सगळं ठीक. तुमची मेहुणी ठणठणीत आहे, तिनंच मला लिहायला बसवलं. "फोन करू नका," म्हणाली, "फोनवर तुम्ही माफी मागायला सुरुवात कराल आणि तिसऱ्या वाक्याला भांडाल." म्हणून पत्र. पत्रात माणूस एकटाच बोलतो, त्यामुळे भांडण जरा उशिरा होतं.

तुम्ही मला ओळखता. मी शाळा अर्ध्यात सोडली आणि माझ्या हातांना डोळे फुटले. या घरात माझ्या हातानं काय काय झालंय ते एकदा सांगून टाकतो. बढाई म्हणून नव्हे, पुढे पुराव्याला लागणार आहे. हे टेबल मी केलं. ही खुर्ची मी केली. समोरच्या दाराची कडी मी केली, ती बाहेरून फक्त दोनच माणसांना उघडता येते, मला आणि (लाकूड फुगलं की) फक्त तुमच्या मेहुणीला. स्वयंपाकघरातली डब्यांची फळी मी केली, नवीन घरात आलो तेव्हा, जमिनीपासून सहा फूट दोन इंच. बाहेरच्या खोलीतली खुंट्यांची पट्टी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, काढून नव्यानं ठोकली, पाच फूट सात इंच. शेडमधला हत्यारं टांगायचा फळा गेल्या वर्षी नवा केला, चार फूट अकरा इंच. आणि सगळ्यात शेवटचं तुमचं कपाट, ज्याचा सर्वांत वरचा कप्पा चार फूट सात इंचांवर आहे. तुम्ही सहा फुटांचे. कपाट बघायला आलात तेव्हा तुम्ही भीतभीत विचारलंत, "वर एवढी जागा मोकळी का?" त्यावर मी जे उत्तर दिलं ते शब्दशः आठवतंय, कारण ते मला फार आवडलं होतं. मी म्हटलं, "साडूभाऊ, कपाटालाही श्वास घ्यायला जागा लागते. उंच कप्पे हा अडाणीपणा आहे. खरा कारागीर माणसाला टाचा उंचवायला लावत नाही. अनुभव वाढत जातो तशी फळी खाली येत जाते." तुम्ही मान हलवलीत. ग्रंथपाल माणूस, आयुष्यभर शिडीवर चढून पुस्तकं काढलेली, तुम्हाला ते पटलंसुद्धा. हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर ते आता जन्मभर विसरता येणार नाही.

आता जिना. त्या दिवशी कपाट वर न्यायला आपण दोघेच होतो, कारण हमाल बोलवायला मी नको म्हटलं होतं. (हमाल कपाटाला पोत्यासारखं धरतात.) भार खालच्या माणसावर येतो म्हणून खालची बाजू मी घेतली, आणि तुम्हाला वरची दिली. शिवणक्लासवाल्या बाईंच्या दारासमोर, जिन्याच्या वळणावर, मी "आता डावीकडे" म्हणालो आणि तुम्ही शिंकलात. तुमची शिंक मला लग्नापासून माहीत आहे. ती येण्याआधी तुम्ही आकाशाकडे बघता, जगाची माफी मागता आणि मग ती येते. या वेळी माफी मागायला वेळ मिळाला नाही. तुमचे हात सुटले, कपाट हातभर खाली आलं, ते मी उजव्या खांद्यावर झेललं, आणि आत कुठेतरी भिजलेली सुतळी तुटावी तसा आवाज झाला. त्यानंतर हात वर जाईना. बाजूला थोडा उचलला जायचा आणि मग, उसनं बळ संपल्यासारखा, आपोआप खाली पडायचा.

तिथपर्यंत सगळं खरं आहे. पुढे मी जे केलं ते लिहिताना कान गरम होतायत.

जो भेटेल त्याला मी शिंकेची गोष्ट सांगितली. न्हाव्याला सांगितली, वाण्याला सांगितली, लाकडाच्या वखारीत उभं राहून सांगितली. पुढे पुढे ती नुसती सांगून भागेना, म्हणून करून दाखवू लागलो. आकाशाकडे बघण्यापासून शिंकेपर्यंत सगळं, डाव्या हातानं. लोक हसायचे. एका गिऱ्हाइकानं तर दुसऱ्याला मुद्दाम घेऊन येऊन फर्माईश केली. तुम्ही विजेवर तापणारी शेकायची पिशवी पाठवलीत आणि सोबत चिठ्ठी, "शिंक आवरली नाही. मनापासून क्षमस्व. शेक घेत जावा." पिशवी मी परत पाठवली. (दोन दिवस वापरून पाठवली, हेही आता सांगून टाकतो. चांगली आहे.) चिठ्ठी मात्र ठेवली आणि शेडच्या दारावर चार टाचण्यांनी लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला, की बघा, गुन्हेगाराचा स्वहस्ते कबुलीजबाब. आणि तुम्हाला निरोप धाडला की मी बरा होऊन येईपर्यंत कपाटाला कुणी बोट लावायचं नाही, फार घाई असेल तर मी ते जागच्या जागी विकून टाकीन. तेव्हापासून ते कपाट तुमच्या जिन्यात उभं आहे आणि तुमच्या इमारतीतले सगळे लोक पोट आत ओढून वर-खाली करतायत. तुम्ही माझा शब्द पाळलात. ताई सांगत होत्या तुमच्या मेहुणीला, की तुम्ही रोज संध्याकाळी त्याच्यावरची धूळ पुसता. आणि शिंकता.

खांद्यावर इलाजही मी स्वतःच केला. मनाशी म्हटलं, खांदा म्हणजे काय, बिजागरीच. अडकली बिजागरी ती हलवून हलवूनच सुटते. म्हणून शेडच्या तुळईला कप्पी बसवली, त्यावरून दोर घेतला, एक टोक उजव्या मनगटाला, दुसरं डाव्या हातात, आणि डाव्यानं खेचून उजव्याला वर चढवायला लागलो. सकाळ-संध्याकाळ. ओरडायचं नाही असा नियम केला होता, तो मी पाळला. शेजाऱ्यांच्या कुत्र्यानं नाही पाळला, ते माझा चेहरा बघून भुंकायचं. महिनाभरानं हात पहिल्यापेक्षा वाईट. रात्री कूस बदलता येईना. मग तुमची मेहुणी एका सकाळी कप्पीचा दोर कापून आत आली, हातात कात्री तशीच, आणि म्हणाली, "चला." कात्री हातात असलेल्या बाईला कुठे म्हणून विचारू नये.

हाडांच्या डॉक्टरांनी हात बाजूला धरायला सांगितला, अंगठा खाली करून, जसा पेला उपडा करतोय. वरून त्यांनी दोन बोटांनी दाबलं. नुसत्या दोन बोटांनी, साडूभाऊ. माझा हात, ज्यानं सागाची तुळई एकट्यानं चढवली आहे, तो दोन बोटांपुढे खाली बसला. मी म्हटलं एक्स-रे काढलाय, हाड धड आहे. ते म्हणाले, "एक्स-रेत हाड दिसतं. हाडाला स्नायू ज्या दोरीनं बांधलेला असतो, ती कंडरा, ती एक्स-रेत दिसत नाही. तुमची फाटली असावी असं हाताला लागतंय. पण किती फाटली, टोक कुठे गेलंय, स्नायूचं काय झालंय, हे बघायला एमआरआय हवा." मी म्हटलं, "बघायचंय काय, कशानं फाटली ते मला माहीत आहे," आणि शिंकेची गोष्ट सुरू केली. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. तुमच्या मेहुणीनं जमिनीकडे.

एमआरआयच्या ठिकाणी एक मुलगी होती, मशीन चालवणारी, हसतमुख पण आतून पोलादी. आत जाण्याआधी ती प्रश्न विचारते. छातीत यंत्र आहे का, अंगात सळई आहे का, असे. मी सगळ्याला नाही म्हणत गेलो. मग म्हणाली, "काका, धातूचं काम करता का? कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता?" आता हा प्रश्न कारागिराला विचारायचा म्हणजे सुगरणीला विचारण्यासारखं आहे की तुमच्या हातून कधी करपलं का. मी म्हटलं, "बाळ, मी तीस वर्षं हे काम करतोय. कण ज्यांच्या डोळ्यात जातात ते शिकाऊ." मागून तुमच्या मेहुणीचा आवाज आला, "मग मागे मी जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकानं काढला तो काय साखरेचा दाणा होता?" मुलीचं पेन थांबलं. तिनं समजावून सांगितलं की आतलं चुंबक इतकं जबर असतं की डोळ्यात एखादा बारीकसा कण राहिला असेल तर तो जागचा हलेल आणि डोळा जाईल. मग आधी डोळ्यांचा एक्स-रे. तो होईपर्यंत सकाळची दुपार झाली, माझा नंबर गेला, आणि बाकावर बसलेल्या सगळ्या आजाऱ्यांना कळलं की मी खोटं बोलून आंधळा व्हायला निघालो होतो. (एक्स-रेत काही निघालं नाही. तुमच्या मेहुणीचं काम सफाईदार आहे, हे मान्य करावं लागेल.)

मग पट्टा काढायला लावला. त्याचं बक्कल मी स्वतः पितळेचं घडवलेलं. मी तिला सांगितलं की पितळ चुंबकाला लागत नाही, हे शास्त्र आहे. ती म्हणाली, "काका, पितळ असो की सोनं असो, आत फक्त तुम्ही." मग मागून बंद बांधायचा तो झगा दिला, जो बांधायला दोन धड खांदे लागतात. म्हणजे ज्याचा खांदा तपासायचा त्याला तो घालताच येऊ नये, ही योजना कुणाची कोण जाणे. बंद त्या मुलीनंच बांधले. चढायला खाली एक लाकडी पायरी होती. मी वाकून बघितलं, खिळा कुठेच नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड घालून केलेले. फार सुंदर काम. एवढ्या वेळात मला तिथे तेवढीच एक गोष्ट आपली वाटली.

खांद्यावर तिनं प्लास्टिकचं खोगीर चढवलं, हात अंगालगत, तळवा वर, दंडावर वाळूची पिशवी. कानात बोळे. डाव्या हातात रबराचा फुगा, फारच त्रास झाला तर दाबायचा. आणि बजावलं, "काका, हलायचं नाही. श्वास हळू घ्या. खांदा इतका जरी हलला तरी फोटो पुसट येतो." मी म्हटलं मला सांगू नकोस, मी रंध्याच्या पात्याला केसाएवढी धार लावतो. मग पलंग आत गेला आणि आवाज सुरू झाला. आधी कुणीतरी दार ठोठावल्यासारखा, मग पत्र्यावर हातोडी, मग मोठ्या गिरमिटासारखा. मला भीती वाटली नाही, कान लागले. तिसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं की दर चार ठोक्यांनंतर डाव्या बाजूनं एक बारीक खडखड येतेय. हा बोल्ट ढिला असल्याचा आवाज, मी झोपेतही ओळखेन. विचार केला, एवढं महागाचं मशीन, आणि कुणाच्या ध्यानात नाही. उद्या कुणाच्या अंगावर पडायचं. मी फुगा दाबला.

आवाज बंद. ती घाईनं बोलली, "काका, काय होतंय? गुदमरतंय का?"

"मला काही होत नाही. तुमच्या मशीनचा एक बोल्ट ढिला आहे."

ती म्हणाली, "काका, ते तसंच वाजतं."

"तसं वाजत नसतं. हा इथे, या बाजूला," असं म्हणून मी दाखवलं. कुठल्या हातानं दाखवलं असेल? जो हात दोन महिन्यांत चमचा उचलायला तयार नव्हता, तो बरोबर त्या क्षणी वाळूची पिशवी पाडून बोल्ट दाखवायला उठला. मग ती फेरी पुन्हा पहिल्यापासून. बाहेर आलो तेव्हा बाकावरच्या एका आजीबाईंनी विचारलं, "बोल्टवाले तुम्हीच का?"

साडूभाऊ, इथपर्यंतची लाज ही नुसती पायरी होती, खरा जिना पुढे आहे.

काळ्या काचेसारखे ते मोठे फोटो आणि बंद पाकिटात अहवाल, असं घेऊन घरी आलो. डॉक्टरांकडे दुसऱ्या दिवशी जायचं होतं. अहवाल मी उघडला नाही. दुसऱ्याचं उत्तर बघून गणित सोडवणाऱ्यातला मी नाही. फोटो खिडकीला धरले आणि स्वतः वाचले. सगळं करडं-पांढरं आणि मधोमध एक काळी कुळकुळीत पट्टी. लाकडात काळी रेघ म्हणजे काय? चीर. कुठल्याही सुताराला विचारा. मी लाल पेननं त्या पट्टीभोवती गोल केला, बाण काढला, बाणाशी "साडूभाऊंची शिंक" असं लिहिलं, फोनवर फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांच्या गटावर टाकला. तुम्ही तो बघितलात, हे मला माहीत आहे, कारण खाली तुम्ही हात जोडलेलं चित्र टाकलंत आणि गटातून गेलात. त्या रात्री तुमची मेहुणी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी मात्र खटला जिंकल्यासारखा झोपलो. डाव्या कुशीवर.

सकाळी डॉक्टरांनी फोटो उजेडाच्या पाटीवर लावले आणि म्हणाले, "हा बाण कुणी काढला?"

मी म्हटलं, "मीच. मदत म्हणून."

"आणि ही शिंक?"

"ते... घरगुती आहे."

त्यांनी चष्मा काढला. "हे बघा. यात धडधाकट कंडरा काळी दिसते आणि पाणी पांढरं दिसतं. तुम्ही गोल केलाय ती पुढची दुसरी दोरी आहे. तुमच्या खांद्यातला सगळ्यात चांगला भाग म्हणाल तर हाच." मग त्यांनी पेनाचं टोक वर नेलं. "ही वरची दोरी. इथून निघाली, हाडाच्या माथ्यावर येऊन चिकटायला हवी होती. इथे तुटली. मधली ही पांढरी पोकळी दिसते ना, पाणी भरलंय. आणि टोक हे इथे, इतकं मागे सरकलंय."

मी म्हटलं, बघा, तुटलीच ना. कपाट पडल्यावर. शिंकेमुळे.

"थांबा. आता स्नायू बघा." दुसरा फोटो. "दोन महिन्यांपूर्वी अचानक तुटली असती तर हा स्नायू भरलेला दिसला असता. हा वाळलाय. आणि मांसात या पांढऱ्या रेघा आहेत ना, ती चरबी. दोरी सुटली की स्नायूला काम उरत नाही, मग हळूहळू त्यात चरबी शिरते. इतकी शिरायला दोन महिने पुरत नाहीत. ही दोरी वर्ष-दोन वर्षं विरत आलेली आहे. कपाटानं फार तर उरलेले चार धागे तोडले असतील. हात वर करायला आधीपासून त्रास होत असणार."

"मुळीच नाही," मी म्हटलं, "मला काही जाणवलं नाही."

आणि तुमची मेहुणी, जी कालपासून गप्प होती, ती डॉक्टरांना म्हणाली, "खुंट्या खाली आणल्या ना यांनी."

तेवढंच. डॉक्टरांना अर्थ कळला नाही. मला कळला. ती पुढे सांगत होती की गेल्या वर्षापासून हे शर्ट घालताना आधी उजवी बाही घालतात, वरच्या फळीवरचा डबा काढायला मला हाक मारतात आणि म्हणतात तुझं स्वयंपाकघर तू बघ. मी ऐकत नव्हतो. माझ्या डोळ्यांपुढे आकडे उभे राहिले होते, सहा फूट दोन, पाच फूट सात, चार फूट अकरा.

घरी आलो आणि टेप घेऊन सगळं पुन्हा मोजलं. डाव्या हातानं, एकट्यानं, आणि कुणी विचारू नये म्हणून शीळ घालत. एक चूक निघाली नाही. शेडच्या भिंतीवर जुन्या फळ्याची भोकं अजून आहेत, वीतभर वर. ती मी बुजवली नव्हती, म्हटलं होतं राहू देत, अनुभव कसा वाढत गेला ते दिसेल. साडूभाऊ, तो अनुभव नव्हता. हात जिथपर्यंत पोचत होता तिथे मी फळी ठोकत गेलो आणि त्याला तत्त्वज्ञान म्हणत गेलो. एवढं मोठं चुंबक ज्यासाठी लागलं, ते माझ्याच घरात भिंतीवर टांगलेलं होतं, इंचांत. आणि तुम्ही मान हलवलेलं ते वाक्य, "अनुभव वाढत जातो तशी फळी खाली येत जाते," ते वाक्य कारागिराचं नव्हतं, दुखऱ्या खांद्याचं होतं. तुम्ही शिंकला नसतात तरी ती दोरी तुटणार होती. उद्या करवत धरताना, परवा बनियन काढताना. तुम्ही नेमके तेव्हा समोर होता, एवढाच तुमचा गुन्हा.

चिठ्ठी शेडच्या दारावरून काढली. चार टाचण्या होत्या, चौथी निघताना कागद कोपऱ्यात फाटला. ती पाकिटात घालून परत पाठवणार होतो, मग वाटलं पिशवीसारखीच चिठ्ठीही परत आली असं तुम्हाला वाटेल, म्हणून ठेवून घेतली आहे, खणात. नातेवाइकांच्या गटावरचा फोटो पुसायला गेलो तर तो आता पुसला जात नाही म्हणे, आणि तसाही तो पुढे चौघांनी पाठवून झालाय. म्हणून काल त्याच गटावर लिहिलं, "गोल चुकीच्या जागी आहे. शिंक निर्दोष आहे. चूक माझी." न्हाव्यालाही सांगून आलो. तो म्हणाला, "मग आता ते शिंकेचं करून दाखवणार नाही का?" वखारीत सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. गटात तुम्ही नाही आहात, तेव्हा तुम्हाला हे दिसलं नसणार. म्हणून इथे पुन्हा लिहितो, तुम्ही चिठ्ठीत लिहिले होते तेच दोन शब्द. मनापासून क्षमस्व. माझ्या अक्षरात ते फार विचित्र दिसतात, पण सवय नाही म्हणून. ताईंना नमस्कार सांगा. त्यांनी या दोन महिन्यांत माझ्या बायकोला एकदाही माझ्याविरुद्ध भडकवलं नाही, याबद्दल त्यांचे वेगळे आभार.

आपला,
धाकटा साडू

ता. क. – डॉक्टर म्हणाले, अजून शिवता येईल, टोक ओढून हाडाला बांधता येईल असं फोटोत दिसतंय. पण चरबी आणखी वाढली तर शिवायला काही उरणार नाही. म्हणून पुढच्या आठवड्यातच ऑपरेशन. नंतर दीड महिना हात झोळीत. "परत रंधा धरता येईल ना?" असं विचारताना माझा आवाज बारीक झाला होता. ते म्हणाले, बहुतेक येईल. "बहुतेक" हा शब्द मी माझ्या गिऱ्हाइकांना तीस वर्षं देत आलोय, तो घेताना कसा लागतो हे आत्ता कळलं. दवाखान्याचा नियम असा की पुरुषांच्या खोलीत सोबतीला पुरुष माणूसच राहिला पाहिजे. तुमच्या मेहुणीनं चार नावं सुचवली, त्यातली तीन तिनंच खोडली. मी भितो आहे, हे फक्त तुम्हाला लिहितोय. याल का? येताना ती शेकायची पिशवी आणा. शिंकायला पूर्ण मुभा आहे, मी काही धरून उभा नसेन.

ता. क. २ – हमाल बोलवा आणि कपाट वर न्या. पोत्यासारखं धरलं तरी चालेल. (मधली दांडी धरू देऊ नका. एवढं तरी.) वर गेल्यावर सर्वांत वरचा कप्पा काढा आणि एक फूट एक इंच वर बसवा, तो तुमच्या नजरेला आणि ताईंच्याही हाताला बरोबर येईल. दुसऱ्या सुताराला हात लावू देऊ नका, तुम्ही स्वतः करा. चार स्क्रू आहेत. तुमच्या हातात पेचकस द्यायचा नाही असं मी पूर्वी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, ते मागे घेतो. डावीकडे फिरवला की सुटतो. जुनी भोकं बुजवू नका, दिसू देत.

ता. क. ३ – जागच्या जागी विकून टाकीन म्हणालो होतो, ते तुमच्या मनात असेल. शिवणक्लासवाल्या बाईंनी खरंच विचारलं होतं. मी तुमची चिठ्ठी दारावर लावली त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला, की कपाट आमच्या दारातच उभं आहे, आमच्याकडेच आत ढकलतो, हमालीही नको. मी म्हटलं, नाही, ते साडूभाऊंच्या मापाचं आहे. त्यांनी दुसऱ्यांदा फोन करून आकडा वाढवला. तेव्हाही नाही म्हटलं. सव्वीस हजार.